उंबऱ्यातला चालता

आमच्या घरात त्याला हंसराज म्हणायची पद्धत नाही. काष्ठौषधीच्या दुकानात तो हंसराज, खोकल्याच्या काढ्यात तो हंसराज. आमच्या घरात तो चालता. नेच्याचीच एक जात. काळी चकचकीत काडी आणि तिच्या दोन्ही बाजूंना घोड्याच्या खुरासारखी इवली पानं. पावसाळ्यात आमच्या विहिरीत, आतल्या दगडांवर, दाट उगवतो आणि दिवाळीच्या सुमाराला सुकून जातो. त्याच्या काडीचा शेंडा दोऱ्यासारखा लांबतो, खाली वाकतो आणि जिथं टेकेल तिथं मुळं धरतो. तिथं नवीन झाड. त्याचा शेंडा आणखी पुढं टेकतो. असा एकेक पाऊल टाकत जातो म्हणून चालता.

माझी आई सांगायची, विहिरीतला वर आला की घरातलं एक माणूस खाली जातं. तो सुकायच्या आत जातं. आणि त्याला उपटायचं नाही. उपटला तर एकाच्या जागी दोन नेतो. आजा गेला त्या साली तो विहिरीच्या काठावर होता. आई गेली तेव्हा गोठ्याच्या भिंतीत. थोरला भाऊ गेला त्या पावसाळ्यात धुण्याच्या दगडाशी. मी हे मानत नाही. कधीच मानलं नाही. पण कधी उपटलाही नाही, तेही खरं.

या वर्षी तो उंबऱ्यात आला.

आमचं घर खरवई गावात आहे. समोर आता टॉवर झालेत, पण घर जुन्या जागी आहे आणि मागं विहीरही आहे. आमची म्हातारी, म्हणजे माझी बायको, श्रावणात उंबऱ्याला हळदकुंकू लावायला बसली आणि बसल्या जागेवर थांबली. मी ओट्यावर चहा पीत होतो. म्हटलं, "काय गं, कंबर धरली का?" तिनं हळदकुंकू लावलं, पण एका कोपऱ्यात लावलं नाही. तिकडं मी नंतर पाहिलं. दगडाच्या आणि लाकडाच्या फटीत दोन काड्या होत्या, बोटाएवढ्या. काळ्या.

तिचं पोट आधीपासून दुखत होतं. गॅस आहे, पित्त आहे, असं करत करत आम्ही उन्हाळा काढला होता. मग मुलगा तिला नि मला उल्हासनगरला मोठ्या डॉक्टरकडं घेऊन गेला. मुलगा कात्रपला राहतो, फ्लॅटमध्ये, अंबरनाथला नोकरीला आहे. सोनोग्राफी झाली. पहिल्यांदा नीट दिसलं नाही म्हणून पुन्हा झाली. पोटात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, काढून टाकायची, पुढं ढकलू नका.

येताना रिक्षात ती बाहेर तोंड करून बसलेली. म्हणाली, "काय कापत बसू नका मना. तो आलाय."

मुलाला कळेना. "कोण आलाय?"

"तुजा बाप सांगंल."

मी सांगितलं. मुलगा रिक्षातच तापला. घरी आल्याबरोबर उंबऱ्याशी वाकला. "आई, हे काय चालता-बिलता लावलंयस? थांब, आत्ताच फेकतो उपटून." म्हातारीच्या अंगात एवढी चपळाई कुठून आली देव जाणे. ती त्याच्या नि उंबऱ्याच्या मधे जाऊन उभी राहिली. "हात लावलास तर माजं मेलेलं तोंड बगशील."

मुलगा सरळ झाला. माझ्याकडं बघायला लागला, मी काहीतरी बोलेन म्हणून. मी काय बोलणार? माझ्या आईनं जे तिच्या डोक्यात घातलं ते माझ्या सांगण्यानं निघणार होतं का?

तिचं म्हणणं अगदीच नाही असं नव्हतं. "तो सुकू द्या," म्हणायची. "तो सुकला आनि मी हायच, तर मग कापा काय कापायचं ते." आता डॉक्टर म्हणतो ढकलू नका आणि ही म्हणते दिवाळीनंतर बघू. आणि उंबऱ्याखालून आमच्या न्हाणीचं पाणी जातं. तिथली माती भर उन्हाळ्यात ओली असते. तिथं उगवलेला सुकणार कधी?

वरच्या खोलीत आमच्याकडं भाड्यानं एक पोरगी राहते. विदर्भातली आहे. उल्हासनगरच्या एका कॉलेजात झाडपाल्याचं मोठं शिक्षण घेते, डॉक्टरकीचं, पण माणसांच्या नव्हे. ती आली त्या पावसाळ्यात कमरेला दोर बांधून आमच्या विहिरीत उतरली होती, नेचे बघायला. मी वरून दोर धरून हसत होतो. ती खालून ओरडत होती, "आजोबा, हसून नका राहू, दोर सुटंल!"

तिला मी एक दिवस उंबऱ्याशी बोलावलं. म्हटलं, "हा आणि विहिरीतला, दोन्ही एकच का?"

तिनं गुडघे टेकले, खिशातलं भिंग काढलं, पान उलटून खालची कड बघितली. बराच वेळ बघितलं. "दिसायला एकच."

"म्हणजे एकच."

"तसं नाही ना आजोबा. या हंसराजाचं असंच आहे. लोक इतकी वर्षं एक समजून राहिले, आणि आतून बघितलं तर त्यात वेगवेगळ्या जाती निघतात. पान सारखं, काडी सारखी. डोळ्यानं नाही कळत. डीएनए वाचावा लागतो. मी त्यावरच तर काम करून राहिले."

मी म्हटलं, "मला डोळ्यानं कळतं. जन्म गेला विहिरीवर. हा परका आहे. याची काडी जाड आहे."

तिला मजा वाटली. ती विहिरीतली थोडी आणि उंबऱ्यातली थोडी पानं घेऊन आली. तोडायला म्हातारीनं हरकत घेतली नाही. पान तोडणं म्हणजे उपटणं नव्हे. विहिरीतल्या पानांच्या देठाला मागून, न दिसेल असा दोरा बांधून तिनं सगळी पानं स्टीलच्या ताटात कालवली. म्हणाली, "आता निवडा." मी चष्मा पुसला आणि निवडली. थोडी बरोबर आली, बाकीची चुकली. मी म्हटलं, तू दोरे चुकीचे बांधलेस. खाटेवरून म्हातारी म्हणाली, "ह्यांना गावठी कोंबडा नि बॉयलर कळत नाय, रस्सा पिऊन झाला तरी. हे नेचा निवडनार!"

हसलो सगळे. किती तरी दिवसांनी ती हसली होती. त्या हसण्यातच मला ते सुचलं, आणि मी बोलून गेलो. म्हटलं, "ही पोर तपासून सांगेल. परका निघाला तर ऑपरेशनला येशील?"

तिचं हसू गेलं.  "आनि आपलाच निघाला तर?"

"तर मी पुन्हा ऑपरेशनचं नाव काढणार नाही."

"शब्द?"

"शब्द."

मी दिलेला शब्द फिरवत नाही. गाव जाणतं. जमिनीच्या व्यवहारात लोकांनी काय काय केलं, मी बोललो तेच केलं. त्यामुळं तिनं तो शब्द खरा धरला. पोरगी मात्र घाबरली. मला जिन्याखाली ओढून म्हणाली, "आजोबा, हे काय करून बसलात? मी देवऋषी आहे का? आजींच्या जिवाचं माझ्या कामावर नका टाकू. आणि झाड उंबऱ्यात आलं तर माणसाला काय होते? काही नाही होत."

"तुला माहीत, मला माहीत. तिला माहीत नाही ना. तू फक्त सांग, एकच का वेगळे. रेशनचा तांदूळ आणि दुकानातला तांदूळ एक का वेगळा, एवढंच विचारतोय असं समज."

"आणि एकच निघाले तर?"

मी म्हटलं, "निघणार नाहीत. काडी जाड आहे."

तिनं पानं बुटाच्या डब्यात येतात तसल्या पाणी शोषणाऱ्या दाण्यांत घालून वाळवली. कॉलेजात नेऊन कुटली, कसल्या कसल्या पाण्यांतून काढली. शेवटी एवढ्याशा नळीच्या बुडाशी काहीतरी राहतं, ते दिसतही नाही. ते बाहेर पाठवायचं, तिथलं यंत्र वाचतं. ती म्हणाली, डीएनएच्या लिपीत अक्षरं चारच. मी म्हटलं, "मग मी जास्त शिकलेला की. माझी बाराखडी झाली होती."

मग वाट बघणं सुरू झालं.

नवरात्र आलं. म्हातारीचं जेवण तुटलं. एका भाकरीतली निम्मी परत यायची. तोंड पिवळं पडायला लागलं आणि हात कामाला न लागता मांडीवर तसेच पडून राहायचे. विहिरीतला चालता टोकाकडून तांबूस व्हायला लागला, दरवर्षीसारखा. उंबऱ्यातला हिरवागार. त्याचा एक शेंडा बाहेरून वाकला होता. त्यानं उंबरा ओलांडला. पहिल्यांदा मी पाहिलं तेव्हा तो हवेत होता. काही दिवसांनी आतल्या लादीच्या सांध्यावर टेकला. मी झाडू मारताना तेवढी जागा सोडायला लागलो. कोणी सांगितलं नव्हतं.

आणि तिनं आवराआवर सुरू केली. सुनेला बोलावून साड्या दिल्या. "ही मना जड होते, तू नेस." मग एक दिवस मला स्वयंपाकघरात हाक मारली. म्हटलं काय पाहिजे? तर म्हणे, "बगून ठेवा. मीठ ह्या बरणीत. जाडं मीठ त्या डब्यात, ते लोनच्याचं, आमटीत टाकाल. कुळथाचं पीठ खाली. मांजर उघडतं म्हनून त्याच्यावर पाटा ठेवते."

मी म्हटलं, "मला कशाला दाखवतेस?"

"तुमाला नाय तर कोनाला? तुमी काय माज्याबरोबर येनाराय?"

मी ओरडलो तिच्यावर. तिनं ऐकून घेतलं आणि पुन्हा म्हणाली, "जाडं मीठ कुठं?" मी सांगेपर्यंत सोडलं नाही.

एका दुपारी पोरगी कॉलेजातून लवकर आली. मी ओट्यावर होतो. तिनं चप्पल काढली, पुन्हा घातली. खालच्या आवाजात म्हणाली, "आजोबा, एक निकाल आला. तसा अर्धाच आहे."

"बोल."

"सारखं आलं. पण ऐका..."

आतून म्हातारी म्हणाली, "ऐकलं."

ती उठून दारापर्यंत आली होती. चेहऱ्यावर राग नाही, भीती नाही. पाहुणा येणार होता तो आला, असा चेहरा. पोरगी रडवेली झाली, भराभर बोलायला लागली. की ही डीएनएमधली एक जागा होती. ही जागा फार जवळच्या जातींत सारखीच असते. एवढ्यावरून एक म्हणता येत नाही. दुसरी जागा वाचायला दिलेली आहे, तिथं फरक असला तर दिसेल. मला ते बरोबर समजलं. मी म्हातारीला म्हटलं, "हे आडनावासारखं आहे. गावात आपल्या आडनावाची किती घरं? आडनाव एक म्हणून चूल एक झाली का? नाव विचारावं लागतं, बापाचं नाव विचारावं लागतं. हिनं आत्ता आडनावच विचारलंय."

"एकदा इचारलं, उत्तर आलं," म्हातारी म्हणाली. "कौल पुन्ना पुन्ना लावत नाय. वाईट असतं."

आमच्याकडं देवाला कौल लावतात. उजवा दिला की उजवा, डावा दिला की डावा. मनासारखा आला नाही म्हणून दुसऱ्यांदा लावला तर देव फसवतो म्हणतात. तिनं या पोरीच्या तपासणीला कौल करून टाकलं होतं. आणि तसं करायला लावणारा मी.

संध्याकाळी मुलगा आला. त्याला बायकोकडून कळलं होतं. दारातूनच बोलायला लागला. "बाबा, तुमच्या शब्दासाठी आईला मारणार का तुम्ही? डॉक्टर काय म्हणाले ते ऐकलं होतं ना? एक नेचा, आणि एक तुमचा शब्द! लोक हसतील."

"लोकांना हसू दे."

"आणि आई गेली तर?"

 म्हातारीच म्हणाली, "त्यांच्यावर ओरडू नको. त्यांनी मना इचारून शब्द दिलाय."

मी तिच्या खाटेशी बसलो. म्हटलं, "तुझी सोनोग्राफी दोनदा केली. केली ना? पहिल्यांदा नीट दिसलं नाही म्हणून. तेव्हा नाही म्हणालीस कौल दोनदा लावत नाहीत."

"तो मशीनचा कारभार."

"हाही मशीनचाच. अर्ध्यावर उठायचं नाही. पंगतीत बसलीस तर भात येईस्तोवर बसायला लागतं."

ती कुशीवर वळली. मग म्हणाली, "बसते. पन भात आला की मी हात धुवीन. मग आग्रह करू नका."

दिवाळी आली. कंदील मुलानं लावला. विहिरीत सगळा चालता वाळून कोळपला. उंबऱ्यात हिरवा. आत टेकलेल्या शेंड्याशी एक नवीन पान उलगडत होतं, मुठीसारखं गुंडाळलेलं. म्हातारी भिंतीला धरून चालत होती. रात्री ती कण्हायची, आणि विचारलं की झोपेत होते म्हणायची.

पोरगी दिवाळीला गावाला गेली नाही. मी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही. सुट्टी संपली आणि एके दिवशी ती जिन्यावरून इतक्या जोरात उतरली की मला वाटलं पडली. हातात लॅपटॉप. थेट म्हातारीच्या खाटेवर बसली.

"आजी, बघा. ही वरची ओळ विहिरीतल्याची. ही खालची उंबऱ्यातल्याची."

चार अक्षरांच्या लांबच लांब ओळी. चार रंग. मला अक्षरं वाचता येत नव्हती, पण रंग कळत होते. म्हातारीनं चष्मा मागितला. मग तिनं तांदूळ निवडताना फिरवतात तसं बोट काचेवर फिरवायला सुरुवात केली. वर हिरवा, खाली हिरवा. वर लाल, खाली लाल. जुळलं की मान हलवायची. आम्ही दोघं बघत राहिलो. कितीतरी वेळ सगळं जुळतच होतं.  मग तिचं बोट थांबलं.

"हितं वायला हाय."

"हो, वेगळा."

बोट पुढं सरकलं. "हितं पन." आणखी पुढं. "हितं पन. ह्ये बगा, हितं दोन."

तिनं ओळ संपेपर्यंत सोडलं नाही.  मग पोरीनं सांगितलं, उंबऱ्यातला विहिरीतल्या जातीचाच नाही. तिनं घाटावरून आणलेले जे नमुने होते, त्यांच्याशी तो जुळतो. इकडं खाली तिला आतापर्यंत मिळालेला नव्हता. आला असेल मुरमातून. गेल्या वर्षी समोरच्या टॉवरच्या ट्रकमधून मी दोन घमेली मुरूम मागून घेतला होता, उंबऱ्यासमोरचा खड्डा भरायला. कुठल्या डोंगराचा होता मी विचारलं नव्हतं.

"बघ!" मी म्हटलं. "मी पहिल्या दिवशी बोललो होतो. काडी जाड आहे."

पोरगी म्हणाली, "आजोबा, काडी पाण्यामुळं जाड झाली. त्याचा जातीशी काही संबंध नाही."

मी अजून म्हणतो, जाड होती.

म्हातारीनं चष्मा काढून पदरानं पुसला. "म्हंजे हा आपला नाय."

"नाही."

"आपल्यासाटी आलेला नाय."

"नाही."

"मग कोनाकडं निघालेला?"

 समोरच्या टॉवरमध्ये कुठल्या तरी मजल्यावर टीव्ही चालू होता, त्याचा आवाज येत होता. म्हातारी पाय खाली सोडून बसली. म्हणाली, "तुमी शब्द पाळनार होता. मी पन पाळते. सांगा पोराला."

ऑपरेशन झालं. ती टेबलावर असताना मी बाहेरच्या बाकावर बसलो होतो. मुलगा फेऱ्या मारत होता. डॉक्टर बाहेर आले, घाम आलेला, पण बरे दिसले. गाठ सगळी निघाली म्हणाले. आम्हाला बरणीत दाखवली. पेरूएवढी, वरून गुळगुळीत. मुलानं विचारलं, "साधीच आहे ना?"

"वरून साधी वाटते," डॉक्टर म्हणाले. "पण साधी आणि वाईट, दोन्ही अशाच दिसू शकतात. तपासणीला पाठवलीय. त्याच्याशिवाय मी काही बोलणार नाही."

मुलगा मान हलवत राहिला. मी बरणीकडं बघत राहिलो. मला ते नीट समजलं होतं, मुलापेक्षा जास्त. 

ती घरी आली. पेज प्यायली, मग मऊ भात, मग भाकरी मागितली. रंग जरा परत आला. वरची पोरगी रोज दोन वेळा खाली येऊन बसायची. म्हातारी तिला म्हणायची, "तुज्यामुळं पोट फाडून घेतलं गं बाय." पोरगी हसायची, पण मला दिसायचं, तिलाही माहीत होतं की दुसरा कागद यायचा आहे.

काल मुलगा ऑफिसला गेला नाही. सकाळीच आला, ओट्यावरच थांबला. मला खुणेनं बाहेर बोलावलं.

"बाबा, रिपोर्ट आलाय. डॉक्टरांचा फोन होता. म्हणाले, तुम्ही आणि बाबा या. पेशंटला आणू नका."

मी ओट्याच्या कडेला बसलो.

"बाबा, कळतंय ना ते असं का म्हणाले?"

"कळतंय."

"मग चला. आईला सांगू, औषध आणायला जातोय."

"ती येणार," मी म्हटलं.

"बाबा, आता तरी हट्ट सोडा!"

"पानाची एकेक ओळ तिनं बोट ठेवून बघितली. हे तर तिच्या पोटातलं आहे. ते दुसऱ्यांनी ऐकायचं आणि तिनं घरात बसायचं? मी नाही खोटं सांगणार. तुला सांगायचं असेल तर सांग, मी इथं बसतो."

त्यानं कपाळाला हात लावला. तेवढ्यात आतून आवाज आला. "काय कुजबुज लावलीय बापलेकांनी?"

मी आत गेलो. मुलगा मागं आला, माझा शर्ट ओढत. मी तिला सरळ सांगितलं. रिपोर्ट आला. डॉक्टर म्हणाले, तिला आणू नका.

ती पोटावर हात ठेवून बसली होती, टाक्यांवर. हात तसाच राहिला. तिनं माझ्याकडं बघितलं, मग मुलाकडं बघितलं, त्याच्या डोळ्यांत काय होतं ते तिनं वाचलं.

"तुमी काय म्हनालात?"

"म्हटलं, येणार."

"हं," म्हणाली. भिंतीला धरून उठली. मुलगा पुढं झाला, तिनं त्याचा हात घेतला. "रिक्षा सांग बाबा. आनि त्याला म्हनावं, खड्ड्यातून नको नेऊ, टाके वडतात."

मग ती साडी बदलायला आत गेली. आम्ही दोघं दाराबाहेर उभे राहिलो. तिला बराच वेळ लागला. मुलानं दोनदा घड्याळ बघितलं. मी हाक मारली नाही.